आगोटीची बेगमी : उरल्याची नव्हे, चांगल्याची



मे महिना निम्मा सरला की जामसंड्याच्या बाजारात दोन गोष्टींची गडबड दिसू लागते. एकीकडे खाऱ्या व सुक्या मासळीचे ढीग लागतात आणि दुसरीकडे पेटीत न बसणारा, डागी, उतरत्या भावाचा आंबा येतो. मृग जवळ आलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पावसाच्या झडीत परसातली भाजीही हाताला लागत नाही. तेव्हा पेजेबरोबर तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा आणि सणावाराला थोडे गोड, एवढ्यावर आपल्याकडची घरे पिढ्यान् पिढ्या पावसाळा काढीत आली आहेत.

आता घरोघरी फ्रीज आले आहेत, मग ही खटपट कशाला, असे काही जण विचारतात. तारेवर झाड पडून दोन दोन दिवस वीज गेली, की त्याचे उत्तर ज्याचे त्याला मिळते. म्हणून या आठवड्यात आपण आगोटीच्या बेगमीचा विचार करू. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. बेगमी ही उरल्यासुरल्याची करावयाची नसते, चांगल्याची करावयाची असते.

मीठ काय करते

मासळी किंवा फळ नासते ते त्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे व बुरशीमुळे. या जंतूंना वाढण्यास पाणी लागते. मीठ मासळीतील पाणी बाहेर ओढते आणि जे आत उरते ते बांधून ठेवते. आंब्याच्या रसात हेच काम साखर करते. उरलेले पाणी ऊन घेऊन जाते. म्हणजे खारा बांगडा काय आणि आंबापोळी काय, दोन्हींचे तत्त्व एकच.

जगभरच्या शेतकऱ्यांनी हेच तत्त्व आपापल्या परीने वापरले आहे. युरोपातील शेतकरी थंडीच्या तोंडाशी डुकराची मांडी मिठात घालून मुरवीत आणि मग धुरावर किंवा नुसत्या वाऱ्यावर वाळवीत. तिलाच हॅम म्हणतात. इटलीतील पार्मा भागातल्या हॅममध्ये मांस व मीठ याखेरीज काही नसते, आणि ते वर्षाहून अधिक काळ टांगलेले असते. आपल्या शेजारी गोव्यात ख्रिस्ती घरांतून डुकराच्या मांसाला मीठ, मिरची, मसाला व माडाच्या माडीचा शिरका लावून चोरीस करतात. या साऱ्या ठिकाणी एक नियम सारखाच आहे : मिठात जाणारा माल ताजा व निरोगी असला पाहिजे. मीठ मालाला टिकवते. बिघडलेला माल ते सुधारू शकत नाही.

शिळा बांगडा खारवू नये

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. सकाळी आलेली मासळी दुपारपर्यंत उन्हात विकायला ठेवायची आणि जी खपली नाही ती संध्याकाळी मिठात टाकायची, ही चाल अनेक ठिकाणी आहे. कोणी मुद्दाम वाईट करीत नाही, माल फुकट जाऊ नये एवढाच हेतू असतो. पण बांगडा, तारली, सुरमई, कुपा या काळपट मांसाच्या मासळीत एक धोका असतो. बर्फाशिवाय ती काही तास उष्ण्यात पडली, की जंतूंमुळे तिच्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. हे द्रव्य एकदा तयार झाले की मिठाने जात नाही, उन्हाने जात नाही, शिजवून किंवा तळूनही जात नाही. शिवाय दिसण्यावरून व वासावरून ते नेहमी ओळखू येतेच असे नाही.

अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते, कधी उलट्या-जुलाब होतात. घरात एकाच वेळी दोघा-तिघांना असे झाले तर ‘पित्त उठले’ म्हणून स्वस्थ बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि कोणती मासळी खाल्ली ते डॉक्टरांना सांगावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर क्षणाचाही उशीर करू नये.

यावर उपाय सोपा आहे. खारवण्यासाठीचा माल सकाळीच वेगळा काढावा. लगेच खारवणे जमणार नसेल तर किलोभर मासळीला किलोभर बर्फ या हिशेबाने तो बर्फात ठेवावा. खारवण्यासाठी घेतलेल्या बांगड्याचे डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लाल आणि मांस बोटाने दाबल्यास पुन्हा वर येणारे असावे.

खारवण्याची रीत

१. बांगड्याचे कल्ले व आतडी काढून टाकावी. पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडावा. स्वच्छ पाण्याने रक्त पूर्ण धुऊन निथळत ठेवावा.

२. दहा किलो बांगड्यांना सुमारे तीन किलो स्वच्छ, पांढरे मीठ घ्यावे. मातीचे, मळकट मीठ वापरू नये. मासळीवर लाल डाग पडतात ते बहुधा अशा मिठातूनच येतात.

३. चिनी मातीच्या, लाकडाच्या किंवा चांगल्या प्लॅस्टिकच्या भांड्यात तळाशी मीठ, त्यावर मासळी, पुन्हा मीठ असे थर द्यावेत. तांब्या-पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, मिठाने ते खाल्ले जाते.

४. वर फळी ठेवून तिच्यावर धुतलेला दगड ठेवावा. काही तासांत खारे पाणी सुटेल. सारी मासळी त्या पाण्याखाली बुडलेली राहिली पाहिजे. एक ते दोन दिवस तशीच ठेवावी.

५. मग मिठाच्या पाण्यातच खळबळून वरचे जादा मीठ काढावे व वाळत घालावी.

वाळवणाच्या बाबतीत आपले सर्वांत जास्त नुकसान होते. वाळूवर किंवा कातळावर पसरलेल्या मासळीला रेती लागते, कुत्री-कावळे येतात आणि खालची बाजू ओली राहते. त्याऐवजी बांबूचा किंवा पोफळीच्या कामट्यांचा कंबरेइतका उंच मांडव करून त्यावर जुने, स्वच्छ धुतलेले जाळे ताणावे. वारा खालून-वरून दोन्हीकडून लागतो व मासळी लवकर वाळते. दिवसातून दोनदा उलटावी. दव पडण्याआधी संध्याकाळी आत घ्यावी. अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहिला नाही, म्हणजे वाळली असे समजावे.

माश्या बसतात म्हणून कोणी मासळीवर ढेकणाचे किंवा पिकावरचे औषध मारतात. हे कदापि करू नये. फवारणीचे औषध शेतात कोणत्या दिवशी मारावे व त्यानंतर किती दिवस थांबावे याचे बंधन असते. खाण्याच्या वस्तूवर ते थेट मारणे म्हणजे घरच्यांच्या ताटात विष वाढणे होय. मीठ पुरेसे घातले आणि वर बारीक जाळीचे कापड टाकले की माश्यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

पूर्ण गार झाल्यावर मासळी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात उघडीप पडली की एकदा ऊन दाखवावे. बाजारातून विकत घेणाऱ्यांनी लाल किंवा तपकिरी ठिपके, पोटाशी ओलसरपणा, आंबूस वास आणि किडीचा भुसा हे चार दोष पाहावेत. एक जरी दिसला तरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

चुलीवर

खारवलेल्या वस्तूच्या स्वयंपाकात पहिले काम म्हणजे मीठ उतरवणे. खारा बांगडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा, पाणी फेकून पुन्हा अर्धा तास भिजवावा. घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर तिसरे पाणीही बदलावे आणि त्याला तुकडा लहानच द्यावा. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

किसमूर : भिजवून, पुसून घेतलेला एक बांगडा निखाऱ्यावर भाजावा. काटे काढून मांस कुस्करावे. त्यात वाटीभर ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, दोन भाजलेल्या सुक्या मिरच्या चुरून आणि दोन-तीन भिजवलेली सोले कुस्करून घालावी. वरून चमचाभर खोबरेल घालून हाताने कालवावे. मीठ घालू नये. एका बांगड्यात चार माणसांची पेज होते.

आठळ्यांची आमटी : लाल मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या धुऊन, सोलून, दोन तुकडे करून उकडाव्यात. मूठभर सुकी सुंगटे डोकी-शेपट्या काढून कोरडीच भाजावीत व धुऊन घ्यावीत. खोबरे, सुक्या मिरच्या, धने, हळद व कांदा यांचे वाटप लावून आठळ्या व सुंगटे शिजवावीत. उतरवताना चार-पाच सोले आणि ठेचलेली तीन-चार तिरफळे घालावीत. चव पाहून मगच मीठ. आठळ्या पोट भरतात, सुंगटे चव आणतात आणि बाजारातून फारसे काही आणावे लागत नाही.

आंबापोळी

आंब्यालाही तोच नियम लागू आहे. सडलेला भाग कापून उरलेल्या फळाची पोळी करणे हा काटकसरीचा मार्ग दिसतो, पण अशा रसाला आंबूस चव येते आणि पोळीला बुरशी लवकर धरते. आकाराने लहान किंवा सालीवर डाग असलेले, पण आतून निरोगी व नुकतेच पिकलेले फळ घ्यावे. रस चाळणीतून गाळून किलोला शंभर ते दीडशे ग्रॅम साखर घालावी. रायवळ आंबा फार आंबट असेल तर थोडी जास्त. रस ढवळत एक उकळी येईपर्यंत तापवावा, म्हणजे जंतू मरतात व रंग टिकतो. तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात पातळ थर पसरून, वर मलमल बांधून कडक उन्हात ठेवावा. पहिला थर वाळल्यावरच दुसरा ओतावा. बोटाला चिकटेनाशी झाली की पोळी सोडवून, गुंडाळून डब्यात भरावी.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या देवगड तालुक्याचे नाव त्यामुळे आणखी मोलाचे झाले आहे. ज्या भगिनी बचत गटातून पोळी विकतात त्यांनी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्यावी, पाकिटावर तयार केल्याची तारीख घालावी आणि रायवळाच्या पोळीला रायवळाचीच म्हणावे. गिऱ्हाईक एकदा फसले की दुसऱ्या वर्षी परत येत नाही.

दोन साधी गोडे

खापरोळी : दोन वाट्या तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ व चहाचा चमचाभर मेथी पाच-सहा तास भिजवून जाडसर वाटावी. रात्रभर आंबू द्यावे. सकाळी चिमूटभर हळद व मीठ घालून बिडाच्या तव्यावर जाड घालावी, झाकण ठेवावे, उलटू नये. जाळी पडली की उतरवावी. नारळाच्या दाट दुधात किसलेला गूळ, वेलची व कणभर मीठ घालून त्या रसात बुडवून वाढावी. गूळ घातलेले नारळाचे दूध उकळू नये, फाटते.

तवसोळी : श्रावण-भाद्रपदात परसातले तवसे मोठे होते तेव्हा करावी. जून तवशाच्या बिया काढून दोन वाट्या कीस घ्यावा. त्याचे पाणी फेकू नये, रवा त्यातच फुलतो. एक वाटी तांदळाचा रवा थोड्या तुपावर भाजून त्यात कीस, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, वेलची व चिमूटभर मीठ घालून अर्धा तास मुरू द्यावे. जाड बुडाच्या टोपात हळदीचे पान पसरून मिश्रण ओतावे. खाली मंद आच व झाकणावर निखारे ठेवावेत. सुरी कोरडी बाहेर आली की झाली. गॅसवर करणाऱ्यांनी मोदकपात्रात अर्धा-पाऊण तास वाफवावी.

या दोन्ही पदार्थांना लागणारे जवळजवळ सारे आपल्या खळ्यात व परसात आहे. बेकरीचा पुडा मुलांच्या हाती देण्याआधी तेवढे आठवावे.

मृगाला आता थोडेच दिवस उरले आहेत. येत्या आठवड्यात मांडवाच्या कामट्या जमवाव्यात, मिठाची पोती पारखून घ्यावी, बरण्या उन्हात घालाव्यात. आणि मासळी असो वा आंबा, बरणीत भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे मी आज ताजे असताना घरच्यांना वाढले असते का? उत्तर ‘हो’ असेल तरच ते श्रावणापर्यंत ठेवण्याच्या लायकीचे आहे.