‘लागत नाही’ : दोषनिवारणाचे गद्य आणि आपले मराठी विभाग

‘फोन लागत नाही’ या वाक्याचा कर्ता कोणता, असे व्याकरणाच्या तासाला विचारले तर उत्तर सोपे आहे. दोष कोणाचा, असे विचारले की मात्र वाक्य हात वर करते. लागणे हे मराठीतील मोठे विलक्षण क्रियापद. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नाद लागतो, निकाल लागतो. यांतल्या एकाही ठिकाणी करणारा असा कोणी नसतो, जे व्हायचे ते आपसूक माणसाला येऊन भिडते. दूरध्वनी गावात आला तेव्हा मराठी बोलणाऱ्यांनी त्याला हेच क्रियापद बहाल केले, आणि त्याच्याबरोबर एक वृत्तीही. लागला तर लागला; न लागला तर रेंज नाही, लाइन बिझी आहे, यंत्राची मर्जी नाही. ट्रंक कॉलची वाट पाहत बसलेल्या पिढीला ही वृत्ती शोभत होती, कारण तिच्या हाती खरोखरच काही नव्हते. आज बरेच काही आपल्या हाती आहे. वाक्य तेवढे जुनेच राहिले आहे.

हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की, बिघाड शोधून तो दूर कसा करावा हे सांगणारे लेखन हा गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, त्याला स्वतःची शिस्त आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरवल्यामुळे तो आज अनाथ झाला आहे. विधान सिद्ध करायचे तर उदाहरण अगदी खालच्या पातळीवरचे घ्यायला हवे.

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातले गाव. गोदेच्या उत्तर अंगाला, उसाच्या पट्ट्यात. समजा, तेथील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशाचे दिवस आहेत. लिपिकासमोर संगणकावर विद्यार्थ्यांची यादी आहे, प्रत्येकाच्या पालकाला फोन करून एकेक कागद मागायचा आहे, आणि उत्तर लगेच यादीत टंकायचे आहे. फोन खांद्यात दाबून टंकणे मानेला परवडत नाही. कोणीतरी सांगते, मोबाइल संगणकाला जोडा आणि संगणकावरूनच बोला. ही सोय खरी आहे. अ‍ॅपलने ती आपल्या यंत्रांपुरती २०१४ साली आणली. मायक्रोसॉफ्टचे ‘युअर फोन’ २०१८ मध्ये आले, त्यात कॉल करण्याची सोय २०१९ मध्ये मिळाली, २०२२ मध्ये त्याचे नाव ‘फोन लिंक’ झाले आणि २०२३ पासून आयफोनही त्याला जोडता येऊ लागला. लिपिक मोबाइल जोडतो. मोबाइलवर आलेले संदेश संगणकाच्या पडद्यावर दिसू लागतात, म्हणजे जोडणी झाली. क्रमांक टिपून कळ दाबतो, आणि फोन लागत नाही.

आता इथे जे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. लिपिकाला वाटते की जोडणी एक आहे. प्रत्यक्षात त्या दोन आहेत. संदेश, सूचना, छायाचित्रे ही इंटरनेटच्या वाटेने येऊ शकतात. त्यासाठी मोबाइल घरी विसरला तरी चालतो. कॉलची वाट वेगळी. संगणक स्वतः फोन करीतच नाही. फोन करतो तो मोबाइलच, त्यातल्याच सिमकार्डावरून. संगणक केवळ त्याचे तोंड आणि कान होतो, आणि हे तोंड-कान ब्लूटूथने जोडलेले असतात, मोटारीतल्या संचासारखे किंवा कानात घालायच्या यंत्रासारखे. म्हणून संदेश दिसत असताना कॉल न लागणे यात विसंगती काहीच नाही. संगणकात ब्लूटूथ नसेल (जुन्या कार्यालयीन संगणकांत बहुधा नसतेच), ते बंद असेल, किंवा असूनही दोन्ही यंत्रांची त्या वाटेने ओळख झालेली नसेल, तर संदेशांची रांग लागेल आणि आवाज मात्र फुटणार नाही. ही एक गोष्ट कळली की निम्म्या तक्रारी विरून जातात. ती न कळता कितीही पायऱ्या पाठ केल्या तरी उपयोग शून्य.

गंमत अशी की अ‍ॅपलच्या यंत्रांत याच तक्रारीचे कारण निराळे. तिथे आयफोन आणि मॅक एकाच खात्यावर आणि एकाच वायफायवर असावे लागतात, आणि आयफोनमध्ये इतर उपकरणांवर कॉल घेण्याची मुभा दिलेली असावी लागते. म्हणजे ‘माझ्या भाच्याने असे केले आणि चालू झाले’ हा दाखला येथे कुचकामी ठरतो. भाच्याकडे मॅक असेल.

पुढचा मुद्दा तक्रारीच्या फोडणीचा आहे. फोडणी म्हणजे अर्थातच फोड करणे. ‘लागत नाही’ या एका शब्दप्रयोगाखाली निदान पाच वेगळे बिघाड सुखाने नांदतात. कळच करडी पडली आहे आणि दाबली जात नाही. दाबली जाते, पलीकडे घंटा वाजते, पण आवाज मोबाइलमध्येच राहतो. पलीकडचा बोललेला आपल्याला ऐकू येत नाही. आपला त्याला ऐकू जात नाही. किंवा पाच मिनिटे सगळे सुरळीत, आणि मग संबंध तुटतो. पहिल्याचे कारण वर सांगितले. दुसऱ्यात ब्लूटूथची ओळख झालेली असते, पण मोबाइलमधल्या ब्लूटूथच्या यादीत त्या संगणकाच्या नावापुढे कॉलची परवानगी बंद असते, किंवा कानातले दुसरे यंत्र आधीच जोडलेले असल्याने आवाज तिकडे जातो. तिसऱ्यात संगणकाने आवाज बाहेर टाकण्यासाठी भलतेच साधन निवडलेले असते, आणि चौथ्यात मायक्रोफोन वापरण्याची परवानगी अडलेली असते. पाचव्यात बॅटरी वाचवण्याच्या नादात मोबाइलच त्या उपयोजनाला झोपवतो, किंवा लिपिक मोबाइल खिशात घालून पलीकडच्या खोलीत गेलेला असतो. चांगला जाणकार म्हणून यंत्राला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो : कोणाला काय ऐकू आले? हा प्रश्न म्हणजे वाक्याचा अन्वय लावणेच होय, आणि अन्वय लावण्याचे शिक्षण ज्यांनी घेतले आहे ते लोक मराठी विभागांत बसलेले आहेत.

आपल्या परंपरेला ही रीत परकी नाही. माधवनिदानाच्या वाचकांना निदानपंचकातील ‘उपशय’ आठवेल. रोगाची लक्षणे गूढ असतील, दोन रोगांचे रूप सारखे दिसत असेल, तेव्हा एक औषध किंवा आहार देऊन पाहावा. गुण आला की नाही यावरून रोग ओळखावा. उपचार हीच परीक्षा. ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करणे, कानातले यंत्र काढून पाहणे, दुसऱ्या मोबाइलने तोच संगणक जोडून पाहणे, हे सारे उपशयच आहेत. पण उपशयाची अट अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि फोन लागला, तर तो का लागला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या सोमवारी तो पुन्हा लागेनासा झाला की पाटी कोरी.

तीर्थपुरी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. साहित्याचे विद्यार्थी तो बहुधा ‘सुंदर हस्ताक्षराचा उपदेश’ म्हणून ओलांडून जातात. आमच्या मते तो मराठीतील सूचनापर लेखनाचा एक उत्तम नमुना आहे. अक्षर कसे असावे, ओळींतले अंतर कसे, शाई, लेखणी, कागद कसे, हे सगळे त्यात आहेच. पण महत्त्वाचे असे की अनेक ठिकाणी कारणही आहे. फार बारीक लिहू नये, कारण तरुणपणी लिहिलेले म्हातारपणी वाचता यायला हवे. कडेने जागा सोडावी, कारण कागद झिजत आला तरी अक्षराला धक्का लागता कामा नये. बिघाड होणारच हे गृहीत धरून लिहिणारा लेखक आहे हा. कागद कडेकडून झडतो हे त्याने पाहिले आहे आणि वाचकाचे डोळे अधू होतात हेही. कवी म्हणून रामदास कोणाला कमी-अधिक आवडतील. व्यवहाराचे गद्य ओवीत कसे बसवावे याबाबत त्यांना तोड नाही.

ही रेघ पुढे तुटलेली नाही. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते नांगर आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे पत्रक म्हणून, आणि त्यातूनच पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक उभे राहिले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. तिच्या यशाचे एक कारण वाटी आणि चमचा ही मापे होत. ‘अंदाजाने’ हा शब्द स्वयंपाकघरातून हुसकावणे ही साधी वाङ्मयीन कामगिरी नव्हे.

मग आज काय दिसते? अनेक उपकरणांवर मराठी निवडली की पडदा सांगतो, ‘ब्लूटूथ सक्षम करा’. आणि बंद करायचे असेल तर ‘अक्षम करा’. मराठीत अक्षम हे नालायकीचे विशेषण आहे. दिवा कोणी अक्षम करीत नाही, मालवतो किंवा बंद करतो. चालू आणि बंद हे दोन निरोगी शब्द घराघरांत असताना ही जोडी आली कोठून? इंग्रजी शब्दाला एकास एक संस्कृत प्रतिशब्द ठेवण्याच्या सवयीतून. सवय जुनी आहे. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याचा ‘बदनाम कोश’ केला. अत्र्यांची थट्टा थोडी अन्यायाचीच होती. त्या परिश्रमांतले कितीतरी शब्द आज आपण कपाळाला आठी न घालता वापरतो. पण शब्द घडवणे आणि सूचना लिहिणे ही दोन कामे आहेत. कोशकाराने एकेक शब्द दिला की त्याचे काम संपते. सूचना लिहिणाऱ्याला वाक्य द्यावे लागते, आणि ते वाक्य वाचल्यावर बोट योग्य जागी पडावे लागते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ‘काहीतरी चूक झाली. पुन्हा प्रयत्न करा.’ चूक झाली, कोणाकडून? कोठे? वाचणारा बहुधा असे धरून चालतो की आपल्याकडूनच. शाळेत लाल शाईने वाढलेल्या पिढ्यांना ‘चूक’ हा शब्द दिसताच मान खाली घालायची सवय आहे. ग्रामीण भागातल्या पहिल्यांदाच संगणकावर बसलेल्या बाईला हा संदेश म्हणजे यंत्राने दिलेली समज वाटते आणि ती हात काढून घेते. ‘संगणकाला तुमचा मोबाइल सापडला नाही. दोन्हींवर ब्लूटूथ चालू आहे का ते पाहा.’ एवढे लिहायला कितीशी जागा लागली असती? येथे भाषेने माणसाला दुबळे केले आहे, आणि ते शुद्धलेखनाच्या कोणत्याही चुकीपेक्षा गंभीर आहे.

तिसरे म्हणजे कारण न सांगता दिलेली पायरी. ‘जोडणी काढून टाका व पुन्हा जोडा’ हा उपाय बहुतेक सूचनापत्रांच्या तळाशी असतो, मंत्रासारखा. तो दोन्ही यंत्रांवर करायचा असतो, हे मात्र अनेकदा गाळले जाते. का दोन्हींवर? ओळख होताना दोन्ही यंत्रे एक गुप्त किल्ली आपापल्या जवळ ठेवतात. एकाने ती टाकून दिली आणि दुसऱ्याने जुनीच जपली, तर पुढची भेट फसते. हे एक वाक्य घातले की वाचक पायरी विसरत नाही, आणि उद्या मोटारीतला संच रुसला तर तेच ज्ञान तिथेही वापरतो.

आक्षेप दोन येतील. पहिला, हे सारे लोक आता चलच्चित्रात पाहतात, वाचतो कोण? पाहतात खरे, पण बारा मिनिटांच्या चित्रफितीत आपला बिघाड कितव्या मिनिटाला आहे हे शोधता येत नाही, आणि सांगणाऱ्याच्या पडद्यावरची कळ आपल्या पडद्यावर नसली की तिथेच सगळे थांबते. दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत विचारा, ती सांगेल. सांगते, आणि पुष्कळदा बरे सांगते. परंतु ती यंत्रे लिहिलेल्या मजकुरावरच वाढतात. मराठीत या विषयावरचे अस्सल गद्य जर लिहिलेच गेले नाही, तर त्यांच्या तोंडून येणारी मराठीही ‘सक्षम करा’च्या वळणाचीच असणार, फक्त अधिक अस्खलित. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. गाथासप्तशती आपली आहे याचा अभिमान आम्हांलाही आहे. तिच्या वारसांना मायक्रोफोनची परवानगी मराठीत मागता येऊ नये, हे मात्र खटकते.

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत अर्जलेखन, वृत्तलेखन, जाहिरातलेखन असते. त्यात दोषनिवारणलेखनाला एक घटक द्यावा, अशी आमची सूचना आहे. प्रश्न असा असावा : एखाद्या खऱ्या बिघाडावर दोनशे शब्दांत लिहा, आधी तक्रारीची फोड, मग प्रत्येक पायरीचे कारण, आणि पायरी केल्यावर पडद्यावर काय दिसले पाहिजे ते. तपासणी मात्र नेहमीच्या पद्धतीने जमणार नाही. उत्तरपत्रिका एखाद्या अनभिज्ञ माणसाच्या हाती द्यावी, त्याला संगणकापुढे बसवावे आणि परीक्षकाने मुकाट्याने मागे उभे राहावे. त्या माणसाच्या मानधनाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करायची, एवढे अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीत ठरवावे.