मधुमेह आणि वय

“तरुण शरीर आहे, सोसेल,” असें म्हणून पुष्कळ घरांत लवकर जडलेल्या मधुमेहाकडे काणाडोळा होतो. आमच्या मतें हा समज घातक होय. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, अमेरिकेंत पन्नासाव्या वर्षीं हा रोग आढळलेल्यांस मृत्यु इतरांहून सरासरी ६ वर्षें आधीं गांठतो. चाळिसाव्या वर्षीं आढळल्यास १०, आणि तिसाव्या वर्षीं आढळल्यास १४ वर्षें आधीं. रक्तांतील जादा साखर हृदय व मूत्रपिंडें जितकीं अधिक वर्षें पोखरते, तितका घात मोठा.

परंतु सरासरी म्हणजे कोणाचें विधिलिखित नव्हे. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, घराण्यांत हा रोग असल्यास तरुण मुलामुलींचें रक्त वेळींच तपासून घ्यावें. आणि रोग निघाल्यास लग्नाच्या काळजीनें तो झांकूं नये. झांकलेलें प्रत्येक वर्ष आयुष्याच्याच खात्यांतून वजा होतें.