बिडी सुटल्यावर खोकला का वाढतो?



"बिडी सोडली, तर खोकला वाढला. म्हणून पुन्हा धरली."

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावबैठकांत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर लिहिणे भाग आहे. कापूस-ज्वारीच्या गावांतही हेच ऐकू येते. तिकडे भाताची खाचरे आणि चार महिन्यांचा पाऊस, इकडे हलकी जमीन आणि पावसाची ओढ. शेती वेगळी, पण बिडी तीच आणि तिच्याबद्दलचा समजही तोच. बिडीने कफ सुटतो, छाती मोकळी राहते, आणि बिडी बंद केली की छाती भरते, असे लोक मनापासून मानतात.

आमचे म्हणणे सरळ आहे. बिडी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढला, तर तो बिडीची गरज असल्याचा पुरावा नाही. छाती पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असू शकते. हे ज्याला आधी कोणी सांगत नाही, तो नेमका त्याच आठवड्यांत हरतो. म्हणजे मनाने जिंकत आलेली लढाई माणूस केवळ माहितीअभावी सोडून देतो.

छातीच्या आत काय चालते

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. तिच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. हवेतली धूळ आणि जंतू त्या थराला चिकटतात आणि ही लव एका लयीत हलून तो थर घशाकडे ढकलत राहते. हे काम रात्रंदिवस चालते. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

बिडीच्या धुराने ही लव लुळी पडते, आखूड होते, आणि वर्षानुवर्षे ओढत राहिले तर जागोजागी नाहीशी होते. दुसरीकडे धुराच्या त्रासाने कफ जास्त तयार होऊ लागतो. माल वाढला आणि वाहतूक बंद पडली, अशी अवस्था होते. साचलेला कफ बाहेर काढायला मग खोकला हा एकच रस्ता उरतो. सकाळची पहिली बिडी ओढली की ढास लागते, बेडका पडतो आणि माणसाला वाटते, बिडीने छाती साफ केली. ज्याने अंगणात कचरा टाकला, त्यालाच झाडलोट करणारा समजावे, तसा हा प्रकार आहे.

बिडी थांबली की ही लव हळूहळू पुन्हा उभी राहते आणि साचलेला कफ वर येऊ लागतो. विहिरीतला गाळ काढायला घेतला की पाणी काही दिवस गढूळ होते. म्हणून कोणी काढलेला गाळ पुन्हा विहिरीत लोटत नाही.

सगळ्यांचाच खोकला असा वाढतो असे नाही. बऱ्याच जणांचा सुरुवातीपासूनच कमी होत जातो, काहींचा काही आठवडे वाढतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसलेला असतो, तो एक-दोन दिवसांत निघून जातो. दोन आठवडे ते तीन महिने या काळात फुफ्फुसांचे काम सुधारू लागते. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप दोन्ही कमी होतात. खरिपाच्या पेरणीला बिडी सोडली, तर ज्वारीच्या काढणीपर्यंत फरक स्वतःलाच कळावा, इतकी ही मुदत आहे.

वाहून गेलेली माती आणि वाचलेली माती

बिडी सोडली की फुफ्फुसे नव्यासारखी होतात, असे आम्ही सांगणार नाही. फुफ्फुसांत हवेच्या बारीक पिशव्या असतात. धुराने फाटलेल्या पिशव्या परत तयार होत नाहीत. पण हिशेब तिथे संपत नाही.

उताराच्या जमिनीवर बांधबंदिस्ती केली म्हणून आजवर वाहून गेलेली माती परत येत नाही. पण पुढची धूप थांबते. अमेरिका आणि कॅनडात फुफ्फुसांत बिघाड सुरू झालेल्या सुमारे ५,९०० धूम्रपान करणाऱ्यांची ११ वर्षे पाहणी झाली. माणूस जोराने श्वास सोडतो तेव्हा पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यात मोजले. ओढत राहिलेल्या पुरुषांची ही ताकद दरवर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटत गेली. सोडून पुन्हा न धरलेल्या पुरुषांची ३० मिलिलिटरने घटली. ही ३० ची घट वयाबरोबर निर्व्यसनी माणसालाही जवळपास चुकत नाही. वरचे ३६ मिलिलिटर ही धुराची वसुली. दहा वर्षांत ती ३६० मिलिलिटर होते, म्हणजे पाण्याचे जवळजवळ दोन पेले. पन्नाशीत डोक्यावर ओझे घेऊन बांध चढणाऱ्याला दोन पेले श्वास म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

"आता उशीर झाला, आता सोडून काय उपयोग," असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षे डॉक्टरांचीच पाहणी झाली. सिगारेट साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे सुमारे तीन वर्षांचे आयुष्य वाचले, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे दहा. पेरणी उशिरा झाली म्हणून उतारा घटतो, पण रान पडीक ठेवण्यापेक्षा उशिराची पेरणी बरी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

बिडी हलकी, हा भ्रम

आकडे सिगारेटचे आहेत, आमची तर साधी पानाची बिडी, असे कोणी म्हणेल. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नाही आणि बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटीन आणि विषारी वायू छातीत कमी जात नाहीत.

मुंबईत १९९१ पासून डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पस्तिशीच्या पुढच्या सुमारे एक लाख लोकांची नोंद घेऊन पाहणी केली. कधीच न ओढणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेटवाल्यांत मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त आढळला, तर बिडीवाल्यांत ६४ टक्क्यांनी. २००८ साली डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या पाहणीवरून मांडले की बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे सरासरी सहा वर्षांचे आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांचे आयुष्य घटते. गरिबाची बिडी गरिबावर दया करत नाही.

राबाचा धूर आणि चुलीचा धूर

पेण-रोह्यात आणखी एक सबब ऐकायला मिळते. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी शेण, पालापाचोळा आणि कवळ पसरून राब भाजतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती घासताना धूळ उडते. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. "एवढे सगळे छातीत जातेच, मग बिडीनेच काय घोडे मारले?" असा सवाल येतो. आपल्याकडे हाच सवाल पऱ्हाटीच्या चुलीचा आणि जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीचा दाखला देऊन विचारतात.

प्रश्न चुकीचा नाही. धूर आणि धूळ यांमुळेही फुफ्फुसे कायमची अरुंद होतात. जगात या रोगाच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली एका सहकाऱ्याबरोबर मांडले. चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या मायबहिणी त्यात येतात. पण यातून बिडीची वकिली निघत नाही. ज्याच्या छातीवर आधीच राबाचा, चुलीचा आणि धुळीचा बोजा आहे, त्याला वरून बिडीचा बोजा सोसणारच नाही. चुलीचा धूर थांबवायला गॅस परवडावा लागतो. कारखान्याची हवा सुधारायला सरकारशी भांडावे लागते. बिडीचा धूर थांबवायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. शिवाय ओसरीवर ओढलेल्या बिडीचा धूर घरातल्या बायकापोरांनाही प्यावा लागतो.

खोकल्यावर पांघरूण नको

एक गोष्ट ठळकपणे लिहितो. बिडी सोडल्यावरचा खोकला आहे, असे म्हणून प्रत्येक खोकला अंगावर काढू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर बेडक्याची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बिडी आणि क्षय यांची सोयरीक जुनी आहे. भारतातल्या पुरुषांच्या क्षयाने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यूंना धूम्रपान जबाबदार आहे, असा निष्कर्ष तामिळनाडूतल्या मोठ्या पाहणीवरून २००३ साली निघाला. खोकल्याला घाबरून बिडी धरू नका आणि खोकल्याला नाव देऊन तपासणीही टाळू नका.

चळवळीने काय करावे

१९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसला आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. मग आज बिडी सोडा कसे सांगता, असे कोणी विचारील. पिकवणाऱ्याच्या घामाला भाव मिळाला पाहिजे आणि ओढणाऱ्याची छाती वाचली पाहिजे, या दोन गोष्टींत आम्हाला विरोध दिसत नाही. दुसऱ्या पिकाला भाव मिळाला, तर तंबाखूच लावली पाहिजे असा हट्ट कोणता शेतकरी धरील?

पहिले काम आपल्या घरातले. बैठकीत बिडीचे बंडल फिरवणे बंद करा. पाहुणचार चहाने होतो. बिडी सोडणाऱ्याला एकटे सोडू नका. निकोटीनची ओढ पहिले दोन-तीन दिवस फार असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच उतरते. प्रत्येक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, शेंगदाणे चघळा, कोणाशी तरी बोला. बिडीच्या जागी तंबाखू-चुना, गुटखा किंवा मशेरी आणू नका. ते चोराला हाकलून दरोडेखोराला घरात घेणे आहे. फवारणीच्या वेळी तर बिडी तोंडाला लावूच नका, कारण औषधाचे हात थेट ओठांपर्यंत जातात.

दुसरे काम सरकारकडून करून घ्यायचे. १८००-११-२३५६ हा बिडी-तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा मोफत फोन आहे, तो वापरा. २०२२ साली निकोटीनची पर्यायी औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. यादीत असलेले औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातही असले पाहिजे. "बिडी सोड" एवढे सांगून डॉक्टरांचे काम संपत नाही. सोडल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत छातीत काय होईल, कोणत्या खोकल्याला घाबरायचे नाही आणि कोणत्याला तपासायचे, हे प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या आरोग्य केंद्रात ही औषधे आहेत की नाहीत, ते पाहून या. नसतील त्या गावांची यादी करू आणि ती घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे बसू.