बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या
इस्रायली सैन्यात सक्तीच्या सेवेतली बहुतेक मुलं १८ ते २१ वयाची. २००६मध्ये तिथे एक साधा नियम आला: आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना बंदूक तळावरच ठेवायची. त्यानंतर या वयातल्या सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. कामाच्या दिवसांत फारसा फरक दिसला नाही. ‘ज्याला मरायचंय तो कसाही मरतो’ हा समज किती चुकीचा आहे, ते इथे दिसतं. अनेकदा मरावंसं वाटण्याची लाट काही मिनिटांची असते; हाताशी बंदूक नसेल तर मूल त्या लाटेतून सुखरूप बाहेर येऊ शकतं. अमेरिकेत मात्र बंदूक अनेक घरांत आहे, बरेचदा भरलेली, आईवडिलांच्याच कपाटात. बंदूक रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवणाऱ्या घरांत मुलांचा धोका कमी असतो, असं २००५मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात आढळलं. तिथल्या मराठी आईबापांनो, मुलाला मित्राकडे राहायला पाठवताना ‘घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का?’ हे संकोच न करता विचारा. मूल खचलेलं वाटलं तर त्याच्याशी थेट बोला; मदतीसाठी अमेरिकेत ९८८ आणि भारतात ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.