देवघरांतलें ध्यान, माजघरांतलें ध्यान

शहागड हें जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील गोदातीरचें गांव. धुळ्याहून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता येथें नदी ओलांडतो. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, आणि जवळच्याच घनसावंगी तालुक्यांत समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब. ध्यानाविषयीं लिहावयाचें म्हणून हिमालयापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. या एवढ्या टापूंत ध्यानाच्या दोन्ही वाटा दिसतात. आणि घरभर माणसें असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनीं त्यांतली कोणती धरावी, हा आजचा विषय आहे.

पहिली वाट जांबेच्या नारायणाची. लहानपणीं तो अंधाऱ्या खोलींत जाऊन बसे, आणि आईनें विचारलें तर विश्वाची काळजी वाहत होतों असें सांगे, ही गोष्ट घरोघर ठाऊक आहे. बाराव्या वर्षीं तो लग्नाच्या बोहल्यावरून निघाला, नाशिकजवळ टाकळीस राहिला, आणि बारा वर्षें नदीच्या पाण्यांत उभें राहून त्यानें जप केला, असें सांप्रदायिक चरित्रें सांगतात. या तपापुढें हात जोडावे. परंतु जेथें सकाळीं सातच्या आंत चार डबे भरावयाचे असतात, तेथें ही वाट चालावयाची नाहीं. शिवाय आपण एक गोष्ट नेहमीं विसरतों. नारायण गेला तेव्हां घरीं राणूबाई होत्या, आणि त्यांना सांभाळावयास वडील बंधु गंगाधरपंत मागें राहिले. संप्रदाय त्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतो. ते संसारी होते आणि उपासकही होते. धाकट्याच्या तपाचा हिशेब मांडतांना थोरल्यानें घरीं वाहिलेला भार त्यांत धरलाच पाहिजे, असें माझें मत आहे.

दुसरी वाट पैठणची. एकनाथांचा काळ सामान्यतः १५३३ ते १५९९ धरतात. त्यांचे गुरु जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी, म्हणजे नोकरी सांभाळून उपासना करणारे गृहस्थच. परंपरा सांगते कीं त्यांनीं नाथांना आधीं हिशेबाच्या कामास लावलें. एका रात्रीं एका पैची चूक कांहीं केल्या सांपडेना. नाथ दिवा लावून बसले, आणि पहांटेच्या सुमारास चूक सांपडतांच आनंदानें त्यांनीं टाळी वाजविली. स्वामींनीं तें पाहिलें आणि सांगितलें कीं हेंच चित्त असेंच परमेश्वराकडे लाव. शिष्याला एकाग्रतेचा पहिला धडा वहीच्या पानावर मिळाला, ही यांतली मौज आहे. कारकुनीनें मन मरतें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट पुन्हां एकदां ऐकावी.

दुसरी गोष्ट पैठणच्या घाटावरची. नाथ स्नान करून परत येत असतां एक मनुष्य त्यांच्या अंगावर थुंकला. ते पुन्हां नदीवर गेले, तो पुन्हां थुंकला. असें एकशें आठ वेळां झालें आणि शेवटीं तोच शरमला. आंकड्याचा आग्रह कोणी धरूं नये. ध्यानाची परीक्षा आसनावर होत नाहीं, आसनावरून उठल्यानंतरच्या वाटेवर होते, एवढें कळलें म्हणजे पुरे.

आपल्याकडे या गोष्टीची शरीराच्या अंगानेंही तपासणी झाली आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ मध्यें कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें प्रयोगशाळेंत मोजमाप सुरू केलें. श्वास सावकाश आणि लांब सोडला म्हणजे व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या द्वारें हृदयाचे ठोके मंदावतात, हें आतां सर्वमान्य आहे. म्हणून रागाच्या भरांत उत्तर देण्यापूर्वीं दोन दीर्घ निःश्वास टाकणें ही नुसती शिष्टाचाराची बाब नव्हे. अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ मध्यें ४७ चाचण्या व ३,५१५ व्यक्ति यांचा आढावा घेतला. चिंता, खिन्नता आणि दुखणीं यांत ध्यानानें माफक उतार पडतो, असें त्यांना आढळलें. मात्र औषध किंवा व्यायाम यांहून तें सरस असल्याचा पुरावा मिळाला नाहीं. तेव्हां रक्तदाबाची गोळी टाकून डोळे मिटून बसूं नये. आणि खिन्नता फार खोल गेली असेल तर आधीं वैद्य, मग आसन.

विधि थोडक्यांत असा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, पाठ ताठ, दहा मिनिटें. श्वास मोजावा किंवा नाम घ्यावें. मन पळालें कीं त्रागा न करतां परत आणावें. हें परत आणणें म्हणजेच अभ्यास. ज्यांच्या घरीं संध्या चालते त्यांना प्राणायाम आणि गायत्रीजप नवे नाहींत. फक्त गाडी चुकेल अशा घाईनें आटोपलेली संध्या या हिशेबांत धरूं नये.

आतां खरी अडचण. पुष्कळ घरांत ध्यान एकाचें आणि शांतता इतरांची असते. वडील मंडळी देवघरांत बसली कीं साऱ्या घराला दटावणी होते. सून झारा सुद्धां जपून ठेवते, मुलाच्या तोंडावर हात ठेवते. एवढ्यांत माजघरांत एखादें भांडें पडतें आणि आंतून खेंकसणें येतें. खेंकसणारा पाऊण तास बसला होता हें खरें. ध्यान झालें कीं नाहीं तें त्या पडलेल्या भांड्याला विचारावें.

यावर एक ठरलेलें उत्तर आहे: बायकांनीं कामांतच ध्यान साधावें. दळतांना ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांचा दाखलाही तत्परतेनें दिला जातो. हातांतल्या कामावर चित्त ठेवणें हें मोठें साधन आहे, याबद्दल वाद नाहीं. पण हा उपदेश बहुधा जात्यापासून दूर बसलेल्यांच्या तोंडून येतो. पहांटेपासून दहा जणांच्या हांका ओ देऊन झेलणाऱ्या बाईचें मन प्रत्येक हांकेसरशीं तुटतें. तिला दिवसांतून पंधरा मिनिटें कोणीही हांक मारणार नाहीं अशी हवीं असतात. हीं मिनिटें तिनें मागावयाचीं नसतात. घरानें तीं नेमून द्यावयाचीं असतात, जशी औषधाची वेळ नेमतात तशी.

हें अशक्य नाहीं. नातवाला आजोबांनीं अंगणांत न्यावें, दिरानें दारावरची घंटा पाहावी, भ्रमणध्वनि सासूबाईंनीं घ्यावा. दूध उतूं जाईल ही धास्ती तिला आसनावर स्वस्थ बसूं देणार नाहीं, म्हणून सासऱ्यांनीं शेगडीपाशीं उभें राहावें. उतूं जाण्यापूर्वीं साय कशी कडेनें सुटते आणि मग एकदम कशी फुगून वर येते, हें पुष्कळ पुरुषांनीं साठी उलटेपर्यंत नीट पाहिलेलें नसतें.