शरीरातला खारबांध



अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या मुलांना खारबांध म्हणजे काय ते सांगायला नकोच! इतरांसाठी सांगते. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध. त्याला उघाड्या असतात. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला शेतातलं जादा पाणी बाहेर. म्हणजे बांध नुसता अडवत नाही, योग्य ते सोडतोही. पण बांधाला एकदा खांड गेली, की शेताचं खाजण व्हायला वेळ लागत नाही.

असाच एक बांध तुमच्या-माझ्या शरीरात आहे बरं का! त्याचं नाव तलपटल. डॉक्टर त्याला 'बेसमेंट मेंब्रेन' म्हणतात. त्वचेचा वरचा थर, तोंडाचं, आतड्याचं, फुप्फुसाचं अस्तर, या सगळ्यांच्या पेशी या पटलावर पाय रोवून उभ्या असतात. हे पटल किती पातळ? अशी हजारभर पटलं एकावर एक रचली, तर कुठे वहीच्या एका कागदाएवढी जाडी होईल!

गंमत म्हणजे ते पेशींचं बनलेलं नाही. पेशींनीच ते विणलेलं असतं. त्यात कोलॅजेन-४ नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखं. दुसरं प्रथिन लॅमिनिन. १९७९ साली त्याचा शोध लागला. ते पेशीचा पाय पटलाशी धरून ठेवतं. ही पकड सुटली, तर पुष्कळशा पेशी मरून जातात.

आता एक निरीक्षण. गुडघा खरचटला, की कधी नुसता पांढरा ओरखडा उठतो, रक्त येत नाही. कधी मात्र रक्ताचे बारीक बारीक ठिपके दिसतात. असं का? त्वचेच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्या तलपटलाच्या खाली असतात. हे पटल सपाट नसून लाटांसारखं वरखाली असतं. उंचवट्यांत बारीक रक्तवाहिन्या असतात. खरचटताना आधी हे उंचवटे फुटतात, म्हणून ठिपके!

मूत्रपिंडातलं तलपटल गाळणीचं काम करतं. शेजारच्या दोन थरांच्या मदतीने ते दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतं. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर बारा हंडे! त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत घेतं, लघवी होते जेमतेम दीड लिटर. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मात्र गाळणीच्या अलीकडेच राहतात. मधुमेह बरीच वर्षं आटोक्यात नसला, तर हे पटल जाड होतं, तरीही त्यातून प्रथिनं गळू लागतात. म्हणून तर मधुमेह असलेल्या आजी-आजोबांची लघवी तपासतात.

आता खांडीची गोष्ट. ही नीट वाचा हं! तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तोंडाच्या अस्तरातल्या पेशी बिघडतात. काही वेड्यावाकड्या वाढू लागतात. त्या तलपटलाच्या वर आहेत, तोवर त्यांना रक्तवाहिन्यांची वाट सापडत नाही. तेवढा भाग काढला, की रोगी बहुधा बरा होतो. पण कर्करोगाच्या पेशी पटल विरघळवणारी रसायनं सोडतात. एकदा खांड पडली, की त्या रक्तातून आणि लसिकेतून दूरवर जाऊ शकतात. म्हणूनच तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात डॉक्टर आधी बघतात, की बांध शाबूत आहे का? मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांवर उपचार करतंय. त्याच केंद्राची संशोधन संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी कुणी मित्राने पुडी पुढे केलीच, तर सरळ 'नको' म्हणा. घरात कुणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्यांना दवाखान्यात न्या. दर वेळी तो कर्करोगच असतो असं नाही, पण दाखवायला उशीर नको.

जाता जाता एक कोडं : त्वचेच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नाहीत, मग तिथल्या पेशींना जेवण पोहोचतं कसं? खारबांधाची उघाडी आठवा, उत्तर सापडेल!