माळ्याची बाजू

शीर्षक वाचून मी कुणा बागवानाची कैफियत मांडतोय असं वाटलं असेल, तर आधीच क्षमा मागतो. हा माळा म्हणजे मोरीच्या डोक्यावरचा. हात उंचावून वस्तू आत ढकलायची आणि पुढची वीस वर्षं विसरायची, तो. त्याची बाजू आजवर कुणी घेतली नाही. मला घेणं भाग पडलं, कारण आम्ही घर विकायला काढलं.

पुण्यातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघे माझे. यांचं एकमेकांशी यापुढे जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग एजंट आला. तिशीतला, हसतमुख मुलगा. हॉल त्याने दोन मिनिटांत पाहिला, माळ्याखाली मात्र पाच मिनिटं उभा राहिला.

"काका, हे सगळं काढा."

"कुठे ठेवू?"

"ठेवायचं नाही, टाकायचं. माळा रिकामा, स्वयंपाकघरातली कपाटं निम्मी रिकामी, धुण्याच्या बाल्कनीत फक्त एक कुंडी. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, जागाच जागा आहे!"

"आणि वॉशिंग मशीन?"

"त्या दिवसापुरतं शेजारी."

"आणि आम्ही?"

तो नुसता हसला. आमचीही सोय त्याने शेजारीच केली असावी.

सफाईला माझा विरोध नाही, हे नोंदवून ठेवतो. तीन रविवार आम्ही दोघं माळ्याला लागलो होतो. म्हणजे ही स्टुलावर आणि मी स्टूल धरून. झाकण नसलेले सात डबे आणि डबे नसलेली अकरा झाकणं निघाली, आणि त्यातलं एकही झाकण एकाही डब्याला बसेना! गणपतीचं थर्माकोलचं मखर निघालं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून ते आमच्याकडे भूमिगत होतं. हे सगळं गेलं, बरं झालं.

पण आहे ते स्वच्छ करणं वेगळं आणि आहे ते नाहीसं करणं वेगळं. रिकामा माळा बघून गिऱ्हाइकाला काय कळतं? माळा रिकामा आहे, एवढंच. त्यावर दोन ट्रंका, चार गाद्या आणि पितळी बंब मावतो, ही साक्ष भरलेला माळाच देऊ शकतो. फ्लॅटचा दर चौरस फुटावर ठरतो आणि चौरस फूट मोजतात जमिनीचे. माळा पडला हवेत. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते बांधायचं कुणी? नव्या घरासाठी आम्ही तीन-चार नमुना फ्लॅट पाहिले. दिवे सुंदर, पडदे सुंदर, पण सतरंजीची गुंडाळी ठेवायला जागा नाही. तिथे राहणाऱ्यांना थंडी वाजत नसावी आणि त्यांच्याकडे पाहुणे येत नसावेत.

आमच्या घरात माळ्याला मान आहे तो १२ जुलै १९६१ पासून. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या खोल्यांत ते कमरेच्या वर चढलं. खालचं सगळं चिखलात गेलं. माळ्यावरची एक लोखंडी ट्रंक तेवढी कोरडी राहिली. त्यानंतर आईने मोलाची वस्तू जन्मात जमिनीवर ठेवली नाही. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर मी म्हटलं, "आई, इथे कुठलं पाणी येतंय?" ती म्हणाली, "तेव्हाही सगळे असंच म्हणत होते."

उन्हाळ्यात वर्षाचा गहू वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ती कोठीत भरायची. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायची. हिनेही ते सोडलं नाही. किराणा दहा मिनिटांत दारात येतो, मग हा पसारा कशाला, असं आमचे चिरंजीव विचारतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हेच चिरंजीव फोनवर विचारत होते, "आई, तुझ्याकडे डाळ किती आहे गं?"

तर ती ट्रंक आम्ही पुढे ओढली, आणि मागे भिंतीला ओल! चांगली परातीएवढी. गच्चीतलं पाणी झिरपत होतं.

एजंट शांतपणे म्हणाला, "पुट्टी भरा, वर पांढरा हात मारा. पावसाळ्याच्या आत व्यवहार उरकू."

"आणि पावसाळ्यात?" हिने विचारलं.

"तेव्हा घर तुमचं नसेल, काकू."

खरं सांगतो, मला मोह झाला. पुट्टी किती स्वस्त, आणि गच्चीची दुरुस्ती किती महाग! सगळेच करतात, असंही मी हिला सांगून पाहिलं. ही स्टुलावरून उतरली आणि एवढंच म्हणाली, "अहो, इथे आता दुसऱ्या कुणाची तरी ट्रंक येणार. कोरडी राहील म्हणून."

पुढे मी बोलूच शकलो नाही.

नंतर एका वकील मित्राकडून कळलं की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलमही हिच्याच बाजूचं आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. ट्रंकेमागची ओल साहेबाला तेव्हाच ठाऊक होती म्हणायची!

पहिलं गिऱ्हाईक ओल ऐकून जिन्यावरूनच परतलं. एजंट आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. दुसऱ्या जोडप्याबरोबर सासूबाई होत्या. त्यांनी हॉलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "गहू कुठे ठेवता?" असं विचारत थेट आत आल्या आणि म्हणाल्या, "स्टूल आहे का?" वर चढून त्यांनी माळा पाहिला, ओल पाहिली, हात लावून पाहिली. दुरुस्तीचे पैसे किमतीतून कापले गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्या पावसाळ्यात पहिली सर आली, तेव्हा मला कुणाच्या फोनची धास्ती नव्हती.

तेव्हा वाचकहो, घर बघायला जाल तर दिव्यांना भुलू नका, आधी स्टूल मागा. आणि विकणारे असाल तर स्टूल द्या. माणूस वर चढला की ते नीट धरा.